ठशामागचा हात

जुना पाइप हातात आला, की मी आधी मुखनळी सोडवतो. ओढून नाही, हळूहळू फिरवत. बाहेर आलेली गोल कूस पाहतो, मग देठातली साळ उजेडाकडे धरून आत पाहतो. कूस साळीच्या तळाला टेकते का? मध्ये पोकळी राहिली असेल तर तिथे धुराचं पाणी साठत गेलेलं असतं, आणि पन्नास वर्षांनीही त्याचा कडवट वास येतो. दोन्हीकडची भोकं एका रेषेत आहेत का? मग मुखनळी परत बसवून सांध्यावरून नख फिरवतो. नख कुठे अडकलं नाही, तर मनातल्या मनात करणाऱ्याला नमस्कार करतो. लाकूड, चकाकी, रेषांची नक्षी हे सगळं त्यानंतर.

ही सवय घरातली. माझे वडील सुतार होते. खुर्ची विकत घ्यायची झाली तरी ते ती उलटी करून सांधे बघत. पॉलिश कुणीही मारतं, असं त्यांचं म्हणणं. मी सुतार झालो नाही, आणि पाइप तर कधीच ओढला नाही. तंबाखूने आपल्याकडची किती घरं उद्ध्वस्त केली हे परळच्या टाटा रुग्णालयाच्या बाहेर अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं, आणि पाइप त्याला अपवाद नाही. ओठाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग पाइपनेही होतो. तेव्हा हे ओढण्याचं कौतुक नव्हे. माझा जीव जडला आहे तो वस्तूवर. मुठीत मावणारी, चाळीस ते साठ ग्रॅम वजनाची लाकडी वस्तू. त्यातही इटलीतल्या अशा हातांनी केलेली, ज्यांचे कारखाने आता बंद झाले आहेत.

पहिला पाइप मला मिलानमध्ये मिळाला. नाविल्यो ग्रांदे या कालव्याच्या काठावर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पितळी दिवे, फुटक्या कोपऱ्यांचे आरसे, कुणाच्या तरी आजीचे चांदीचे चमचे, आणि एका टेबलावर बुटांच्या खोक्यात पंधरा-वीस पाइप, एकमेकांत अडकलेले. विकणाऱ्याला त्यांत रस नव्हता. मी एकेक उचलत, सांधा बघत, परत ठेवत गेलो. सातवा की आठवा हातातून खाली ठेववेना. काळवंडलेला, काठाला जळालेला, मुखनळीवर दातांच्या खुणा; पण सांधा असा, की लाकूड कुठे संपतं आणि नळी कुठे सुरू होते ते बोटाला समजू नये. देठाच्या डाव्या बाजूला झिजलेला ठसा होता: रोस्सी. हा रोस्सी कोण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते शोधता शोधता पुढची कित्येक वर्षं गेली.

सुरुवात लाकडापासूनच करायला हवी. कारण या वस्तूचं अर्धं शहाणपण झाडाचं आहे.

आपण ज्याला ब्रायर म्हणतो ते एरिका आर्बोरिया या झुडपाच्या गाठीचं लाकूड. भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर हे झुडूप वाढतं. कालाब्रिया, सिसिली, सार्दिनिया, तोस्कानाचा मारेम्मा हा किनारपट्टीचा प्रदेश, लिगुरिया, शिवाय कॉर्सिका, ग्रीस, अल्जीरिया. वसंतात त्याला बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे, जमिनीखाली, त्याला एक गाठ धरते. झाडाचा सारा साठा या गाठीत. डोंगराला वणवा लागला, वरचं सगळं जळून गेलं, तरी या गाठीतून पुन्हा कोंब फुटतात. आगीतून वाचण्यासाठीच झाडाने ही गाठ घडवली आणि माणसाने नेमकी तीच विस्तव ठेवायला निवडली. लाकूड घट्ट, कठीण, सहज पेट न घेणारं, तरीही आतला ओलावा शोषून घेणारं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सेंट क्लोद या गावाने त्याचे पाइप करायला सुरुवात केली, आणि त्याआधीची माती, चिनीमाती, इतर लाकडं हळूहळू मागे पडली.

गाठीला इटालियनमध्ये म्हणतात चोक्को, आणि ती खणून काढणाऱ्याला चोक्कायोलो. कामाला येईल अशी गाठ तयार व्हायला तीस वर्षं लागतात, कधी त्याहून कितीतरी जास्त. ती कुदळीने खणायची, मुळं तोडायची, माती झाडायची आणि डोंगरावरून खाली आणायची. पुढे तिला ऊन लागू द्यायचं नाही. ओलावा एकदम गेला की गाठ तडकते, म्हणून ती सावलीत, ओल्या आच्छादनाखाली ठेवतात. मग येतो सेगांतीनो, म्हणजे करवतकार. त्याच्यासमोर मोठी गोल करवत फिरत असते आणि दोन्ही हातांत गाठ. ती कशी फिरवायची, कुठून कापायची, कुठला दगड आतच गिळून बसलेला असेल, कुठली चीर खोल जाईल, हे सगळं क्षणात ठरवायचं. मोजायला माप नाही, बोटांना आडोसा नाही. या माणसाचं नाव कुठल्याही पाइपावर नसतं. पण पाइपाचं सौंदर्य पहिल्यांदा ठरतं ते त्याच्या करवतीखाली.

कारण रेषा. गाठीतले तंतू मध्यापासून बाहेरच्या सालीकडे पंख्यासारखे पसरतात. ठोकळा त्या दिशेने कापला तर पाइपाच्या अंगावर खालून वर चढणाऱ्या ज्वाळांसारख्या रेषा उमटतात. त्याला म्हणतात फियाम्मा, ज्वाळाच. तंतूंना आडवं कापलं की त्यांची टोकं ठिपक्यांसारखी दिसतात. त्याचं नाव ओक्यो दी पेर्निचे, तितराचा डोळा. चांगल्या पाइपाच्या दोन बाजूंना ज्वाळा आणि उरलेल्या दोन बाजूंना, किंवा वर-खाली, तितराचे डोळे येतात. निसर्गाने दिलं म्हणून ते येत नाहीत. कापणाऱ्याने ठोकळा तसा धरला म्हणून येतात. गाठीच्या बाहेरच्या भागातून सालीसकट निघतात त्या प्लाक्का, मोठ्या आणि महाग. आतल्या भागातून निघतात लहान ठोकळे, आब्बोत्सी. मग हे सगळं तांब्याच्या मोठ्या हंड्यात तासन्‌तास उकळतात, कधी दिवसभर. त्यातून चीक आणि तुरटपणा निघून जातो. त्यानंतर वाळवण. महिनोन्‌महिने, आणि चांगल्या घरी वर्षानुवर्षं. मिरजेच्या तंबोरा करणाऱ्यांच्या घरात माळ्यावर भोपळे वाळत ठेवलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. साज कसा वाजेल हे कोपऱ्यात गप्प बसलेलं वर्ष ठरवतं.

दक्षिणेत लाकूड आणि उत्तरेत कारागीर अशी इटलीची वाटणी. मिलानच्या वायव्येला वारेझे, तिथल्या तळ्यांच्या आसपास बारास्सो, गाविराते, ब्रेब्बिया अशी गावं. याच पट्ट्यात, बारास्सोत, 1886 साली फेर्दिनांदो रोस्सी याने पाइपांचा कारखाना काढला. माझ्या खोक्यातल्या पाइपाचा तो ठसा याचा. तोवर चांगला पाइप म्हणजे फ्रान्सचा किंवा इंग्लंडचा, इटलीने लाकूड पुरवायचं एवढंच. रोस्सीचा कारखाना वाढत वाढत शेकडो कामगारांचा झाला, इटलीतल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. त्याचे पाइप उंची नव्हते. गिरणीत जाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, कचेरीत बसणाऱ्या माणसाने रोज वापरायचे ते पाइप. लाकडातला खड्डा लाखेसारख्या लुकणाने भरलेला असायचा, रंग जरा गडद दिलेला असायचा. जाणकार अशा पाइपाला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. माझ्या रोस्सीवर डाव्या बाजूला असं एक लुकणाचं ठिगळ आहे, अर्ध्या तांदळाएवढं. पण छिद्र बाउलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, तळाला बरोबर मध्यावर उघडतं, सांधा घट्ट आहे, मुखनळीची कड दातांत धरायला पातळ आहे. ज्या कामगाराने दिवसभरात असे कितीतरी पाइप हाताखालून काढले असतील, त्याने या एकात कुचराई केलेली नाही. ज्वाळांच्या रेषा आहेत पण छिद्र वाकडं आहे, अशा दिमाखदार पाइपापेक्षा मी हा वर ठेवतो.

1980च्या दशकात रोस्सीचा कारखाना बंद पडला. शंभर वर्षांच्या आसपास चाललेली गोष्ट संपली.

युद्धानंतरच्या इटलीत मात्र वेगळंच काही घडत होतं. मिलानच्या कॅथेड्रलजवळ, व्हिया ओरेफिची या रस्त्यावर आकिल्ले साविनेल्ली याचं 1876 पासून दुकान होतं. त्याच्याच नावाच्या नातवाने 1948 साली बारास्सोच्या मोलिना वस्तीत स्वतःचा कारखाना उभारला. त्याच्या एक वर्ष आधी, 1947 मध्ये, कार्लो स्कोत्ती याने कांतू गावात कास्तेल्लो सुरू केलं. दोघांच्याही मनात एकच सल. आपलं लाकूड जगात उत्तम, मग आपला पाइप स्वस्त माल का मानला जातो? ही दोन्ही घरं आजही चालू आहेत, म्हणून इथे त्यांच्यावर फार रेंगाळत नाही. पण स्कोत्तीशिवाय पुढची कथा सांगता येत नाही.

कांतू हे फर्निचरचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या तिथे कपाटं, खुर्च्या, कोरीव पलंग होत आले. शिवाय तिथली बायकांच्या हातची लेस प्रसिद्ध. म्हणजे गावात पटाशी, कानस आणि नजर या तिन्ही गोष्टी तयार होत्या. स्कोत्तीने या गावातली माणसं घेतली आणि पाइपाकडे पाहण्याची तऱ्हा बदलली. मुखनळीसाठी इंग्रज एबोनाइट वापरत, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते दातांना मऊ, पण उन्हात ठेवलं की हिरवट-तपकिरी पडतं. स्कोत्तीने ॲक्रिलिक आणलं. ते दातांना कठीण, पण वर्षानुवर्षं काळंभोर. ज्या ठोकळ्याच्या पृष्ठभागावर बारीक डाग असतील, तो लुकणाने भरायचा नाही, तर हत्याराने साऱ्या अंगावर खडबडीत पोत काढायचा, असा त्याचा प्रघात. त्या पोताला नाव दिलं सी रॉक, समुद्रातला खडक. अमेरिकेतल्या दुकानदारांनी ते पाइप उचलून धरले. हाताला तो पोत एकदा लागला, की गुळगुळीत पाइप काही दिवस बेचव वाटतात.

स्कोत्तीच्या हाताखाली दोन तरुण कारागीर काम करत होते. जुझेप्पे आस्कोर्ती आणि लुईजी रादिचे. रादिचे या आडनावाचा इटालियनमध्ये अर्थ मूळ, आणि ब्रायरचं इटालियन नाव रादिका, तेही त्याच मुळातून आलेलं. इतकं नेमकं आडनाव या धंद्यात दुसरं नसेल. 1968 मध्ये दोघांनी कास्तेल्लो सोडलं. मिलानमधला तंबाखूचा दुकानदार जान्नी दावोली त्यांच्याबरोबर आला. करणारे दोघं, विकणारा तिसरा. कांतूला लागून असलेल्या कुच्चागो गावात कामाला सुरुवात झाली. नाव ठेवलं कामिनेत्तो, म्हणजे छोटी शेकोटी, घरातली भिंतीतली चूल. मुखनळीवर खूण म्हणून त्यांनी मिशा काढल्या. हो, टोकं वळवलेल्या मिशा.

माझ्या मते इटलीच्या हातच्या पाइपांत सुरुवातीच्या कामिनेत्तोला तोड नाही. हे मी शंभर टक्के जबाबदारीने लिहितो आहे, आणि कारणंही देतो.

त्यांनी घेतलेले आकार जुनेच, इंग्रजांनी ठरवून दिलेले. सरळ देठाचा बिलियर्ड, चपट्या पोटाचा बुलडॉग, सफरचंदासारखा ॲपल. पण त्यांनी ते आकार गिरवले नाहीत. बाउल किंचित मोठा घेतला, भिंत जाड ठेवली, देठाला अंग दिलं. बाउल आणि देठ जिथे मिळतात त्या खोबणीकडे पाहा. यंत्राने कातलेल्या पाइपात तिथे एक कोन असतो, निर्जीव, सगळीकडे सारखा. कामिनेत्तोत तिथे वळण असतं, मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या रेषेसारखं, आणि ते डावीकडे आणि उजवीकडे अगदी तंतोतंत सारखं नसतं. कानस धरणारा हात उजवा होता हे त्यातून कळतं. काही पाइपांचा बाउल किंचित पुढे झुकलेला, जणू चालायला निघालेला. कानशीने तिथपर्यंत जायचं आणि नेमकं तिथे थांबायचं, हे ठरवणारा डोळा कुठल्याही साच्यात ओतता येत नाही.

हस्तनिर्मित हा शब्द आपण सैलपणे वापरतो, म्हणून थोडं स्पष्ट करतो. या कारागिरांकडे लेथ होता, ड्रिल होतं, बफचं चाक होतं. सगळं चाकूने कोरलं असं कुणी म्हणत नव्हतं. फरक असा, की कारखान्यात एका नमुन्यावरून यंत्र एकाच वेळी अनेक ठोकळे कापतं, आणि ठोकळ्याला त्या नमुन्यात बसावंच लागतं. हातच्या कामात ठोकळा आधी पाहिला जातो. आत चीर दिसली, दगड निघाला, रेषा वळल्या, तर आकार बदलतो. बिलियर्ड करायला घेतलेल्याचा बुलडॉग होतो. लाकडाशी असं बोलत काम करणं, त्याला मी हातचं म्हणतो.

कामिनेत्तोचं यश झपाट्याने आलं, मुख्यतः अमेरिकेत. 1970च्या दशकात तिथे मोठ्या, दमदार पाइपांची आवड होती आणि हे पाइप तसेच होते. पण तिघांची भागीदारी फार टिकली नाही. 1979 मध्ये ती मोडली. आस्कोर्ती आपल्या नावाने पाइप करू लागला, रादिचे आपल्या. काही वर्षांत आस्कोर्ती वारला. त्याचा मुलगा रोबेर्तो याने वडिलांचं काम पुढे नेलं आणि 1986 मध्ये कामिनेत्तो हे नावही पुन्हा सुरू केलं. रादिचेबरोबर त्याचे मुलगे बसू लागले. म्हणजे एका चुलीतून दोन चुली झाल्या आणि दोन्ही पेटत्या राहिल्या. तरीही पहिली चूल विझलीच. 1968 ते 1979 या अकरा वर्षांतल्या पाइपांत दोघांचे हात एकत्र आहेत. पुढचे आस्कोर्ती पाहिले तर भरीव, ऐटबाज, रुंद खांद्यांचे. पुढचे रादिचे पाहिले तर पोताशी जास्त खेळणारे, सालीसारख्या खडबडीत रिंड पोताचे. दोन्ही बाजूला ठेवून मधोमध जुना कामिनेत्तो ठेवला, की त्यात दोन्हींची बीजं दिसतात. भागीदारी मोडते तेव्हा काय मोडतं, हे मला इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या वस्तूत दिसलेलं नाही.

एड्रियाटिक समुद्राकाठच्या पेझारोची तऱ्हा अगदी वेगळी. तिथे 1972 मध्ये जानकार्लो ग्वीदी याने मास्त्रो दे पाया सुरू केलं, आणि 1982 मध्ये ते सोडून ब्रूतो सोर्दिनी याच्याबरोबर सेर याकोपो. ग्वीदी मनाने चित्रकार. त्याने व्हॅन गॉग, मॅग्रीट यांच्या चित्रांत दिसणारे पाइप लाकडात उतरवले. मुखनळीवर खूण म्हणून पोवळ्याचा कण बसवला. 2012 मध्ये तो गेला. त्याची नावं चालू आहेत, म्हणून त्याला बंद पडलेल्यांत धरता येत नाही. पण ग्वीदीचा हात थांबला आहे, आणि त्याच्या हयातीतला पाइप नंतरच्यापासून वेगळा ओळखावा असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं ज्या इटलीत घडलं तिथे पाइप ही साधी, दिसणारी गोष्ट होती. सांद्रो पेर्तिनी 1978 ते 1985 राष्ट्राध्यक्ष होता. फॅसिस्टांच्या तुरुंगात वर्षं काढलेला हा म्हातारा पाइपांचा मोठा संग्राहक. 1982 च्या विश्वचषकात इटलीने पश्चिम जर्मनीला 3-1 हरवलं, आणि माद्रिदहून परतताना विमानात काढलेल्या एका छायाचित्रात पेर्तिनी पत्ते खेळत बसलेला दिसतो. सोबत गोलरक्षक झोफ, काउझिओ आणि प्रशिक्षक एन्झो बेआरझोत, टेबलावर चषक. बेआरझोतही पाइपवाला. राष्ट्राध्यक्ष आणि फुटबॉलचा प्रशिक्षक, दोघांचीही ओळख पाइपाशिवाय पुरी होत नव्हती. ते छायाचित्र इटलीत घराघरांत ठाऊक आहे. मला त्यात एका काळाचा शेवट दिसतो. कारण त्याच सुमाराला पाइप ओढणारे म्हातारे होत होते आणि त्यांची मुलं सिगरेटकडे वळली होती, किंवा तंबाखू सोडून देत होती. जानेवारी 2005 पासून इटलीत बंद सार्वजनिक जागांत धूम्रपानाला मनाई झाली. ती योग्यच होती. हजारो फुप्फुसं वाचतील असा कायदा एका कलाकुसरीसाठी अडवून धरावा, असं मी कधीही म्हणणार नाही.

पण कारखाना बंद होतो तेव्हा नेमकं काय जातं, ते पाहायला हवं. यंत्रं विकली जातात, जागेवर दुसरं काही उभं राहतं. वाळत ठेवलेलं लाकूड दुसरा कुणी घेऊन जातो. त्याचं मला फार दुःख होत नाही, लाकूड कामी आलं म्हणजे झालं. जातं ते पुढचं. कुठल्या डोंगराच्या गाठी आधी उकळायच्या, कुठला ठोकळा आणखी एक वर्ष थांबवायचा, काठाला लागलेली कानस कुठल्या आवाजावर उचलायची. हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. शेजारी बसून शिकलेलं असतं आणि शेजारी बसायला कुणी उरलं नाही की संपतं. गाविरातेमध्ये आल्बेर्तो पारोनेल्ली या पाइप-अभ्यासकाने हजारो पाइपांचं संग्रहालय उभं केलं, म्हणून त्या तळ्याकाठच्या धंद्याची आठवण तरी जागेवर राहिली. पण काचेमागचा पाइप सांधा दाखवत नाही. तो हातात घ्यावा लागतो.

रोस्सीच्या नावाचं पुढे काय झालं? साविनेल्लीने ते घेतलं आणि रोस्सी 1886 या नावाने पाइप बाजारात आणले. अनेक संग्राहकांना याचा राग आहे. मेलेल्याच्या अंगावरचा कोट काढून घातल्यासारखं त्यांना वाटतं. मी त्यांच्या बाजूचा नाही. दोन्ही कारखाने एकाच बारास्सोतले. ते नाव दुसऱ्या देशातल्या स्वस्त मालावर ठोकलं गेलं असतं, तर मीही चिडलो असतो. इथे शेजाऱ्याने शेजाऱ्याची पाटी पुसून परत लावली, असं मी मानतो. मात्र नवा रोस्सी विकत घेताना आपण जुन्या रोस्सीचा हात विकत घेत नाही, एवढं घेणाऱ्याने जाणून असावं. नाव विकता येतं, वारशाने देता येतं, पुन्हा सुरू करता येतं. हाताचं तसं नाही. म्हणून मी ठसा शेवटी वाचतो.

आणि तरीही, तो ठसा जपायलाच हवा, कारण बहुतेक वेळा दुसरा पुरावा नसतो. इंग्लंडच्या डनहिलने पाइपावर पेटंटचे आकडे आणि वर्षाची खूण ठोकली, त्यामुळे त्यांचा पाइप कुठल्या साली झाला ते ओळखता येतं. इटलीतल्या छोट्या कारागिरांनी असं फारसं काही केलं नाही. अक्षरांची वळणं, गावाचं नाव आहे की नाही, फात्ता आ मानो म्हणजे हातची असं लिहिलं आहे की नाही, मुखनळीवरची खूण ठोकलेली आहे की जडवलेली, यांवरून अंदाज बांधावा लागतो. कामिनेत्तोच्या मिशा पाहून लोक हरखतात, पण आधीचे कोणते आणि 1986 नंतरचे कोणते हे देठावरची चार बारीक अक्षरं सांगतात.

ही अक्षरं आज सर्वांत जास्त पुसली जातात ती नष्ट करायच्या हेतूने नाही, तर प्रेमाने. जुना पाइप हाती लागतो, माणूस हौसेने तो स्वच्छ करायला घेतो. काळा काठ घासून काढतो, मग बफच्या फिरत्या चाकावर धरतो, आणि आरशासारखा चमकवतो. चाकाने उठावदार कडा गोल होतात, सी रॉकसारख्या पोताची टोकं बोथट होतात, आणि आधीच उथळ झालेला ठसा दोन मिनिटांत नाहीसा होतो. असा एक पाइप माझ्याकडे आहे. बुलडॉग, जाड भिंतीचा, देठाकडे उतरणारं वळण पाहिलं की छातीत काहीतरी हलतं. मुखनळी बदललेली. ठशाच्या जागी गुळगुळीत, चकचकीत, देखणं लाकूड. तो कुणाचा हे मला माहीत आहे, असं मला वाटतं. पण ते कुणाला पटवून देता येत नाही, आणि तो करणाऱ्याच्या नावाने कधीच मोजला जाणार नाही.

आपल्या घरात कुणा परदेशी राहून आलेल्या काकांचा, आजोबांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने भेट दिलेला, कपाटाच्या तळाशी पडलेला असा एखादा पाइप असेल, तर त्याला लगेच चमकवू नका. आधी देठाच्या दोन्ही बाजू आणि खालची बाजू तिरप्या उजेडात धरा. सकाळचं ऊन उत्तम. जे दिसेल ते कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्या, अर्धवट अक्षरांसकट. फोटो काढा. ज्याने तो वापरला त्याच्याबद्दल घरात कुणाला काही आठवत असेल तर तेही लिहून पाइपाबरोबर ठेवा. मुखनळी ओढू नका, फिरवून काढा. पाइप गरम असेल तर मुळीच काढू नका. बाहेरून मऊ कापडाने पुसा, आतली काजळी हळूहळू, थोडी थोडी काढा. आणि पॉलिश करायचंच ठरवलं, तर चाक लावण्याआधी ठशावर चिकटपट्टी लावा.

दोन इंच पट्टी पुरते.